विलायतेतली रांग

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे पहिल्यांदाच इंग्लंडला गेलो. नातेवाइकांना आम्ही फिरायला जातो असे सांगितले, पण खरे कारण वेगळे होते. आमच्या थोरल्या आपा लग्न होऊन तिकडे गेल्या त्याला आता बत्तीस वर्षे झाली. दीड वर्षापासून त्यांचा उजवा खुबा दुखत होता. फोनवर विचारले की म्हणायच्या, "नंबर लागलाय, बोलावतील." ईदला विचारले तरी तेच, बकरी ईदला विचारले तरी तेच. एवढा पुढारलेला देश, आणि एका खुब्यासाठी वर्षभर थांबायचे? आमच्या कोकणातल्या गावापासून दोन तासांवर हाडांचे चार डॉक्टर बसतात. सकाळी फोन केला तर संध्याकाळी तपासतात. आपांना सोबत घेऊन यायचे आणि मुंबईत ऑपरेशन उरकून टाकायचे, असे ठरवूनच आम्ही विमानात बसलो. एका खासगी रुग्णालयाने दिलेला खर्चाच्या अंदाजाचा कागदसुद्धा आमच्या पिशवीत होता.

आपांचे गाव मँचेस्टरच्या उत्तरेला आहे. एके काळी तिथे कापसाच्या गिरण्या होत्या. इतिहासाच्या तासाला "मँचेस्टरचे कापड आले आणि आपला विणकर बुडाला" हे वाक्य आम्ही किती वर्षे शिकवत आलो, पण त्या धुराड्यांखाली उभे राहू असे कधी वाटले नव्हते. गिरण्या आता बंद आहेत. काहींची गोदामे झाली, एकीत लग्नाचा हॉल आहे. गिरण्यांत रात्रपाळी करायला साठच्या दशकात भरूच-सुरतकडचे गुजराती मुसलमान आले, पाकिस्तानातून लोक आले, आणि त्यांची नातवंडे आता तिथली नगरसेवक, शिक्षक, डॉक्टर आहेत. एका ओळीत चिकटून बांधलेली लाल विटांची घरे, मागे इवलेसे अंगण, त्यात आपांनी लावलेली कोथिंबीर आणि मेथी. मे महिन्यात तिथे मगरिब रात्री नऊच्या सुमारास होते. पहिले चार दिवस जेवायचे कधी आणि झोपायचे कधी हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या, "उद्या सकाळी सर्जरीला जायचंय." आमच्या काळजात धस्स झाले. ऑपरेशन उद्या, आणि ह्या आत्ता सांगतायत! मग भाच्याने हसत हसत सांगितले की तिकडे साध्या डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. बी.एड. होऊन वीस वर्षे झाली तरी हा शब्द आम्हांला असा भेटला.

पण त्या दवाखान्यात जाण्यासाठीसुद्धा आधी नंबर लावावा लागतो. आठला पाच मिनिटे कमी असताना भाचा फोन हातात घेऊन बसला. आठच्या ठोक्याला फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला : रांगेत तुमचा क्रमांक तेवीस. फोन स्पीकरवर ठेवून आपांनी चहा केला, पाव भाजले, नवव्या क्रमांकाला आम्ही नाश्त्याला बसलो. साडेआठला माणूस बोलला आणि दुपारची वेळ मिळाली. आपा म्हणाल्या, "आज नशीब चांगलं. कधी कधी आपला नंबर येईपर्यंत दिवसाच्या वेळा संपतात."

तिथली पद्धत अशी, की तज्ज्ञ डॉक्टरकडे तुम्ही थेट जाऊ शकत नाही. प्रत्येकाचे नाव आपल्या भागातल्या एका दवाखान्यात नोंदलेले असते. तिथल्या साध्या डॉक्टरने पत्र लिहिले तरच इस्पितळाचे दार उघडते. आपल्याकडे डोके दुखले की माणूस सरळ मेंदूच्या डॉक्टरकडे जातो आणि शेजारीही तोच सल्ला देतो. तिथे ते चालत नाही. त्या साध्या डॉक्टरला फी नाही, इस्पितळातल्या तपासण्यांना पैसे नाहीत, ऑपरेशनला नाहीत. चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधामागे इंग्लंडात ९ पौंड ९० पेन्स भरावे लागतात. साठी उलटली की तेही माफ. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर कुणालाच भरावे लागत नाहीत. अर्थात फुकट म्हणजे कुणीतरी भरलेले असतेच. आपा सव्वीस वर्षे एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. दर आठवड्याच्या पगारातून कापले गेलेले पैसे त्यांच्या नीट लक्षात आहेत. घरात नवी सूनबाई पुण्याहून आली, तिच्या व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे आरोग्याचा आकार आगाऊ भरून घेतला. आमच्यासारख्या पाहुण्यांना इस्पितळात दाखल व्हावे लागले तर खर्चाच्या दीडपट बिल येते, म्हणून निघताना आम्ही विमा काढला होता.

आपांच्या कपाटात एक निळी फाइल होती. आम्ही दोघांनी ती दुपारभर वाचली. पहिले पत्र आदल्या वर्षीच्या जुलैचे : आपल्या डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी मिळाली, आपले नाव यादीत घेतले आहे. मग एक्स-रेची तारीख. मग तज्ज्ञांना भेटण्याची तारीख, तीही एकदा पुढे ढकललेली. डिसेंबरात तज्ज्ञ भेटले. सांधा झिजला आहे, बदलावा लागेल. नंतर एक पत्र : आपण अजून यादीत आहात, ऑपरेशन हवे आहे ना ते कळवा. चिठ्ठी इस्पितळाला मिळाल्या दिवसापासून घड्याळ सुरू होते आणि १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असा तिथे सरकारनेच घालून दिलेला दंडक आहे. शंभरांपैकी ९२ जणांना तरी तो लाभावा ही अपेक्षा. २०१६ पासून ती एकदाही पूर्ण झालेली नाही. कोरोनानंतर यादी फुगत फुगत सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या पुढे गेली. काही जणांची नावे त्यात दोन-दोन आजारांसाठी आहेत, तरीही आकडा प्रचंडच. आम्ही बोटांवर मोजले. आपांचे ४४ आठवडे झाले होते.

"आणि पैसे दिले तर?" आम्ही विचारले.

दुलाभाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "पैसे दिले तर तीन आठवडे. डॉक्टर तेच."

हे आम्हांला खरे वाटले नाही. पण ते अगदी खरे आहे. १९४८ साली सरकारी सेवा सुरू करताना बड्या डॉक्टरांना राजी करण्यासाठी त्यांना खासगी रुग्ण तपासण्याची मुभा ठेवली गेली, ती आजही आहे. सरकारी इस्पितळात आपांना तपासणारे तज्ज्ञच आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी दुसऱ्या इमारतीत बसतात. तिथे नुसते तपासायचे दोनशेच्या वर पौंड. खुबा बदलायचा भाव भाच्याने काढला होता : साडेचौदा हजार पौंड. आपांच्या एका शेजाऱ्याने गाडी विकून तेवढे पैसे उभे केले. म्हणजे रांग सगळ्यांसाठी सारखी आहे असे म्हणावे, तर तिलाही बाजूचे एक दार आहेच.

पण सगळ्यांना एकाच मापाने थांबवत नाहीत, हेही तिथेच कळले. आपांच्या गल्लीतल्या एका गुजराती बाईंना छातीत गाठ लागली. त्यांना डॉक्टरांनी त्याच दिवशी तातडीची चिठ्ठी दिली आणि दोन आठवड्यांच्या आत तपासणी झाली. कर्करोगाची शंका असेल तर २८ दिवसांत हो की नाही ते सांगायचे आणि चिठ्ठीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू करायचे, असे वेगळे दंडक आहेत. तेही नेहमी पाळले जातात असे नाही, पण त्या बाईंच्या बाबतीत पाळले गेले. त्यांनी डॉक्टर बाईच हवी असे सांगितले, तेही मान्य झाले. इंग्रजी येत नव्हते म्हणून गुजराती दुभाषी दिली. दाखल झाल्या तेव्हा हलाल जेवण मिळाले. एवढे सगळे करूनही त्या आम्हांला सांगताना कुरकुरत होत्या, की जेवणात मीठच नसते.

एक रात्र आम्हांलाही इस्पितळ पाहायला मिळाले. तिकडचे जिने अरुंद आणि त्यावर गालिचा. आमच्यापैकी एकीचा पाय घसरला आणि मनगट सुजले. रात्री दहाला आपत्कालीन विभागात गेलो. एका नर्सने दहा मिनिटांत पाहून घेतले, मनगट हलवून बघितले आणि बसायला सांगितले. मग आम्ही बसलो ते बसलोच. आमच्यानंतर आलेली माणसे आमच्याआधी आत जात होती : एक म्हातारा तोंडाला मास्क लावलेला, एक बाळ, एक मुलगा रक्ताने माखलेला. चार तासांत रुग्णाचा निकाल लावायचा असा तिथला नियम भिंतीवर लिहिला होता. त्याच्याखाली बसून आम्ही साडेसहा तास काढले. पहाटे एक्स-रे झाला, हाड शाबूत निघाले, पट्टा बांधला. आम्ही पर्स उघडून पैसे भरायची खिडकी शोधू लागलो. दोन मजले फिरलो. शेवटी सफाई करणाऱ्या पंजाबी चाचांनी विचारले, काय हरवले? सांगितले तर म्हणाले, "बेटा, यहाँ खिड़की है ही नहीं. घर जाओ." आपत्कालीन विभागातली तपासणी तिथे कुणालाही मोफत, मग तो पाहुणा का असेना. फजर घरी येऊन पढलो. साडेसहा तासांचा राग कुणावर काढावा ते काही सुचेना.

त्या रविवारी तिन्ही घरांचा व्हिडिओ कॉल झाला. धाकटा भाऊ कुवेतमध्ये आहे, अकरा वर्षे झाली. आमचे मनगटपुराण ऐकून तो म्हणाला, "तुम्ही रांगेत तरी बसलात." कुवेतमध्ये परदेशी माणसाला राहण्याचा परवाना नवा करताना आरोग्यविम्याचे पैसे भरावे लागतात, वर सरकारी दवाखान्यात दर खेपेला वेगळी फी. तिथल्या नागरिकांना मात्र उपचार मोफत. २०१३ साली तर जहरा इथल्या सरकारी इस्पितळात बाह्यरुग्ण विभाग सकाळी फक्त कुवेती नागरिकांसाठी आणि परदेशी लोकांसाठी संध्याकाळी, अशी विभागणी करून पाहिली होती. २०१८ मध्ये जाबेर अल-अहमद नावाचे भले मोठे इस्पितळ उघडले, तेही नागरिकांसाठीच. भाऊ म्हणाला, "इस्पितळं चकाचक आहेत. मशिनंही आहेत. पण आधी पासपोर्ट कोणता ते बघतात." त्याच्या खोलीवरचा एक तांडेलचा मुलगा दोन वर्षे दाढदुखी अंगावर काढून शेवटी सुटीत गावी येऊन दाढ काढून गेला. कोकणातल्या आखाती घरांना हे नवे नाही. आमच्या तालुक्यात जून महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी असते ती त्यामुळेच.

एक दिवस भाच्याने विचारले, मँचेस्टरमध्ये काय बघायचे? आम्हांला ओल्ड ट्रॅफर्ड बघायचे होते. सचिनने १९९० साली कसोटीतले पहिले शतक त्याच मैदानावर काढले, त्या वेळी आम्ही शाळकरी होतो. ते बाहेरून पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, इथून जवळच डेव्हीहुल्मला आपाच्या दुखण्याचे मूळ गाव आहे, ते बघू. बसने तिथे गेलो. एका शांत वस्तीत लाल विटांचे इस्पितळ. आज त्याचे नाव ट्रॅफर्ड जनरल, पूर्वीचे पार्क हॉस्पिटल. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन इथे आले, इस्पितळाची सूत्रे त्यांनी स्वीकारली आणि सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. पहिली रुग्ण तेरा वर्षांची एक मुलगी होती. बेव्हन स्वतः वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याच्या गावात, ट्रेडेगरमध्ये, कामगार पगारातून थोडे थोडे पैसे एका निधीत टाकत आणि त्यातून डॉक्टर ठेवत. तीच रीत त्याने देशाला लावली. पुढे १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावायचे ठरले, तेव्हा त्याने मंत्रिपद सोडले.

तिथल्या बाकावर बसून भाच्याने जे सांगितले ते आमच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. तो तिकडे इतिहासच शिकतो. १९४८ पूर्वी विमा होता तो कामावर जाणाऱ्या माणसाला. बायकोला आणि पोरांना नाही. त्यामुळे घरात आजारपण आले की बायका ते अंगावर काढत. सेवा सुरू झाली आणि पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यांपुढे बायकांची रीघ लागली. अंग बाहेर आलेले, वर्षानुवर्षे पट्ट्याने बांधून ठेवलेले, कधी कुणाला न दाखवलेले. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून जास्त चष्मे वाटावे लागले. सरकारने जो अंदाज केला होता तो पार कोलमडला. ही माणसे आदल्या दिवशीपर्यंत कुठल्याच यादीत नव्हती. दार उघडले तेव्हा ती मोजली गेली.

आणि तिथेच आम्हांला शाळेतल्या खाला आठवल्या.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना सगळी मुले खाला म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. वय आपांएवढेच, सत्तावन्न-अठ्ठावन्न. सात वर्षांपासून त्यांचा डावा गुडघा गेलेला आहे. खिचडीचे पातेले उतरवताना त्या भिंतीला हात लावून उभ्या राहतात. सात वर्षांत त्या ज्या डॉक्टरकडे गेल्या, तो तालुक्यातला एक इंजेक्शन देणारा. दीडशे रुपये, दोन दिवस आराम. त्यांची प्रतीक्षा किती आठवड्यांची, ते कुठल्या फाइलीत लिहिलेले नाही. आपा ७७ लाखांपैकी एक तरी होत्या.

परतीच्या बसमध्ये भाचा आम्हांलाच विचारू लागला, की आपल्याकडे अशी सेवा का झाली नाही? आम्ही त्याला भोर समितीबद्दल सांगितले. सर जोसेफ भोर आपल्या नाशिकचे, शिक्षण पुण्यात. त्यांच्या समितीचा अहवाल १९४६ चा, म्हणजे बेव्हनच्या सेवेच्या दोन वर्षे आधीचा. पैसे नाहीत म्हणून कुणाही माणसाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हा त्याचा पाया. आणि गंमत अशी, की ज्या बेव्हरिज साहेबांच्या १९४२ च्या अहवालावर इंग्लंडची योजना उभी राहिली, त्यांचाही जन्म आपल्याच बाजूचा, बंगालमधल्या रंगपूरचा. दोन्ही अहवाल जवळजवळ एकाच काळात लिहिले गेले. तिकडचा अमलात आला. इकडच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, पण पुढचे घर अर्धेच बांधले गेले. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणे आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातल्या दर शंभर रुपयांपैकी ३९ रुपये रुग्ण स्वतःच्या खिशातून घालतो. पूर्वी याहून जास्त घालत होता, हेही सांगायला हवे.

त्या रात्री आम्ही पिशवीतला कागद काढला. मुंबईचे ते खासगी रुग्णालय, तीन दिवसांत तारीख, साडेतीन लाख रुपये, वेगळी खोली. आपांनी चष्मा लावून कागद वाचला. "पैसे कोण देणार?" आम्ही म्हणालो, तिघे मिळून देऊ. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अब्बांच्या वेळी काय झालं ते विसरलात?"

विसरलो नव्हतो. चार वर्षांपूर्वी रात्री अब्बांच्या छातीत कळ आली. शहरातल्या एका खासगी इस्पितळात नेले. तासाभरात हृदयाचे डॉक्टर हजर, तपासणी झाली, नळी टाकली. एवढी चपळाई आम्ही विलायतेत पाहिली नाही आणि त्या चपळाईनेच अब्बा वाचले, अल्लाहचे लाख शुकर. पण अब्बा आत टेबलावर असताना काउंटरवरचा मुलगा अनामत रकमेसाठी तीनदा बाहेर आला होता. रात्री दोन वाजता आम्ही फोन करकरून पैसे जमवत होतो. त्या बिलात हापूसची अकरा कलमे गेली. कलमे आता दुसऱ्याची आहेत आणि मोसमात अब्बा त्या वाटेने जात नाहीत.

आपा म्हणाल्या, "तिथे जाऊन करून घेतलं, आणि इथे परत आल्यावर काही बिघडलं तर कुणाकडे जाऊ? आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर इतका वेळ विमानात बसू नये म्हणतात, पायात रक्ताच्या गाठी होतात." शेवटी हळूच म्हणाल्या, "तिथे तुमचे पैसे जातील. इथे माझे आधीच गेलेत. मी माझं घेऊनच उठणार."

कागद परत पिशवीत गेला. पण भाचा स्वस्थ बसला नाही. निळ्या फाइलीतले पहिलेच पत्र त्याने उलटून पाहिले, तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते, की इस्पितळ निवडण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि १८ आठवडे उलटून गेले तर दुसरीकडे पाठवण्याची मागणी करता येते. सरकारशी करार असलेली खासगी इस्पितळेही त्यात येतात, बिल सरकार भरते. दहा महिने ते पत्र कपाटात होते आणि कुणी त्याची पाठ वाचली नव्हती. भाच्याने दोन दिवस फोनवर घालवले. चाळीस मैलांवरच्या गावात एक इस्पितळ निघाले, तिथे दोन महिन्यांत जागा होती. आपांना आनंद झाला, पण लगेच त्यांनी गल्लीतल्या तीन बायकांची नावे घेतली. त्या तिघींनाही असेच पत्र आलेले असणार आणि त्यांच्या घरात वाचणारा कुणी नाही. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी भाचा त्यांच्या फाइली घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलेला होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपांचे ऑपरेशन झाले. एक पैसा लागला नाही. आता त्या काठीशिवाय दुकानापर्यंत जातात आणि जेवणात मीठ नव्हते अशी तक्रार करतात.

शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी आम्ही दोघे खालांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. त्या यायला तयार नव्हत्या. "तिथं उभं कोण राहणार?" म्हणाल्या. केसपेपर काढताना पैसे द्यायला त्यांनी पदराची गाठ सोडली, तर खिडकीतला मुलगा नको म्हणाला. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून हे सगळे मोफत आहे, हे आम्हांलाही नीट माहीत नव्हते. दोन तासांनी हाडांच्या डॉक्टरांनी तपासले. तरुण होते, हातातले काम थांबवून नीट बोलले. गुडघा बदलावा लागेल, इथे होत नाही, पुढे पाठवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बाहेर टेबलावर बसतात, त्यांना कागद दाखवा.

आरोग्यमित्राने शिधापत्रिका घेतली, आधार कार्ड घेतले, दोन्ही शेजारी ठेवले आणि मान हलवली. शिधापत्रिकेवर नावापुढे 'बी' जोडलेले, आधारवर 'बानो'. नवऱ्याचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धे. अशी कार्डे आपल्या घरांत ढिगाने सापडतील. वाचकांनी आजच कपाट उघडून आपापली दोन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहावीत, आजारपण आल्यावर नको. आरोग्यमित्राने समजुतीने सांगितले : तहसीलमधून नाव दुरुस्त करून आणा, मग नोंद करू. आणि तोवर अडलेच तर मोठ्या शहरांतल्या धर्मादाय रुग्णालयांत शंभरातल्या दहा खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा खाटा दुर्बल घटकांसाठी अर्ध्या दरात राखीव असतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा. वर्षाचे उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. तोही अर्ज त्याच दिवशी करायचे ठरले.

तहसील कचेरीत शनिवारी सुटी. सोमवारी शाळा बुडवता येईना, म्हणून आमच्यापैकी एकजण अर्धी रजा टाकून गेला. नाव दुरुस्तीचा अर्ज दिला, त्याची पावती मिळाली. पावतीवर लांबलचक क्रमांक होता. दुपारी खिचडी वाढून झाल्यावर ती खालांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, क्रमांकावर बोट ठेवले आणि विचारले, "हा माझा नंबर?"

आम्ही म्हणालो, हा नाव दुरुस्तीचा. तुमचा नंबर याच्यानंतर लागेल.

त्यांनी पावती घडी करून बटव्यात ठेवली आणि भिंतीला हात लावून रिकामे पातेले उचलायला उठल्या. पातेले आम्ही उचलले.